न खपलेलं तिकीट आणि लांबचा श्रोता

तिकिटांच्या काळ्या बाजाराबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, ते जवळजवळ सगळं 'हाऊसफुल्ल'च्या पाटीखाली उभं राहून लिहिलेलं असतं. जागा थोड्या, माणसं अफाट, आणि मधे हात ओले करणारा दलाल. सिनेमाच्या थिएटरबाहेर 'दस का बीस' पुटपुटत फिरणारा माणूस माझ्या पिढीनं पाहिला आहे, त्यामुळे हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. 22 सप्टेंबर 2024 रोजी दुपारी बारा वाजता कोल्डप्लेच्या तिकिटांची विक्री सुरू झाली तेव्हा हेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसलं. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 18 आणि 19 जानेवारी 2025 असे दोन कार्यक्रम जाहीर झाले होते, गर्दी पाहून 21 तारखेचा तिसरा वाढवला. 2,500 पासून 35,000 रुपयांपर्यंतची तिकिटं बुकमायशोवर काही वेळात संपली, आणि तीच परदेशी पुनर्विक्री-संकेतस्थळांवर लाखांच्या घरात दिसू लागली. मग पोलिसांकडे तक्रार, आर्थिक गुन्हे शाखेची चौकशी, ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाचे छापे आणि उच्च न्यायालयात जनहित याचिका.

या प्रकरणावर भरपूर लिहून झालं आहे. माझा विषय त्याच्या उलट्या बाजूचा आहे. कोल्डप्ले हा अपवाद होता. वर्षभरात जे संगीत महोत्सव होतात, त्यांतल्या बहुतेकांची तिकिटं बारा मिनिटांत नव्हे, बारा आठवड्यांत खपतात. काही तर शेवटच्या दिवसापर्यंत खपतच नाहीत. अशा वेळी तिकिटं हातोहात विकणारा कोण असतो? तो दलालच असतो का? आणि त्याच्याकडून तिकीट घेणारा फसतो, की शहाणपणा करतो? या प्रश्नांवर मला कुठे काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा लेख. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला भांडायला सोपं जाईल. विक्री मंद असते तेव्हा पुनर्विक्री हा काळा बाजार नसतो. आयोजकानं जो परतावा द्यायला हवा होता आणि दिला नाही, तो श्रोते एकमेकांना देत असतात. आणि या व्यवस्थेत सगळ्यात जास्त भुर्दंड बसतो तो लांबून येणाऱ्याला. परभणीत बसून हे जरा जास्त स्पष्ट दिसतं.

आधी विक्रीची रीत पाहू. आजचा मोठा महोत्सव तिकीट एका दरानं विकत नाही. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर जानेवारी 2023 पासून होणारा लोलापलूझा घ्या किंवा दुसरा कुठलाही घ्या, दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या टप्प्याला 'अर्ली बर्ड' म्हणतात. बहुतेक वेळा त्या टप्प्यात कोण गाणार-वाजवणार हेसुद्धा पुरतं जाहीर झालेलं नसतं. तरी लोक घेतात, कारण स्वस्त असतं आणि 'शेवटची काही तिकिटं शिल्लक' असा तांबडा मजकूर पडद्यावर लुकलुकत असतो. पुढच्या टप्प्यात दर चढतो, त्याच्या पुढच्यात आणखी.

ही रीत नीट समजून घ्यायची तर आमच्याकडचा 'उचल' हा शब्द फार उपयोगी आहे. गंगाखेड, पाथरी, सोनपेठ या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम ऊसतोड टोळीला उचल देतो, आणि मग टोळी हंगामभर ती फेडत राहते. तमाशाच्या फडातही तेच. फडमालक सावकाराकडून पैसे घेतो, त्यातून कलावंतांना उचल देतो, आणि तंबूच्या खिडकीवर जमा होणाऱ्या पैशांतून वर्षभर ते वळते करत बसतो. पाऊस पडला, गर्दी फिरकली नाही, तरी सावकाराचं व्याज थांबत नाही. खेळाची जोखीम फडमालकाच्या मानेवर असते, आणि ती कुणाला लपवता येत नाही.

आताच्या महोत्सवानं सावकाराच्या ठिकाणी श्रोत्याला बसवलं आहे. पहिल्या टप्प्यात तिकीट घेणारा माणूस चार-सहा महिने आधी आयोजकाला बिनव्याजी उचल देतो. त्या पैशातून कलाकारांच्या तारखा धरल्या जातात, मैदानाची अनामत भरली जाते. यात गैर काही नाही, स्वस्त दर हाच त्या उचलीचा मोबदला आहे असंही म्हणता येईल. पण सावकाराला निदान कागद तरी मिळतो. श्रोत्याला मिळते ती अटींची यादी. गेली काही वर्षं मी तिकिटांच्या मागचं बारीक छापलेलं वाचत आलो आहे (रिकामा माणूस, दुसरं काय), आणि तिथे दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. दोन, तिकीट दुसऱ्याला विकता येणार नाही. या दोन वाक्यांच्या बेचक्यात माणूस सापडतो, आणि ती बेचकी कोल्डप्लेच्या गोंगाटात कुणाला दिसली नाही.

आता विक्री मंद असेल तर काय होतं ते पाहा. हिशेब सोपा आहे, म्हणून आकडे मानून घेऊ. समजा पहिल्या टप्प्यात तिकीट 4,000 रुपयांना होतं आणि महोत्सवाच्या आठवड्यात ते 8,000 ला आहे. तिकिटं संपलेली नाहीत, अधिकृत खिडकी उघडी आहे. पहिल्या टप्प्यातला एक जण येऊ शकत नाही. तो आपलं तिकीट 5,000 ला विकायला काढतो. विकणाऱ्याला हजार जास्त मिळाले, घेणाऱ्याचे तीन हजार वाचले. नुकसान झालं ते आयोजकाचं, कारण त्याच्या 8,000 च्या तिकिटाला गिऱ्हाईक मिळालं नाही. हा माणूस आणि लाखाला तिकीट विकणारा दलाल, दोघांनाही आपण 'ब्लॅकवाला' हाच एक शब्द लावतो. पण दलाल टंचाईवर जगतो. इथे टंचाईच नाही. उलट, आयोजकानं चढ्या दरांतून जी टंचाई असल्याचा भास निर्माण केला, ती खोटी आहे हे हा माणूस उघड करतो. म्हणूनच त्याच्यावरचा राग जास्त असावा, असं मला वाटतं.

आयोजकाला दर उतरवता का येत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. भाजीवाला संध्याकाळी दर उतरवतोच की. पण दर उघडपणे उतरवला तर आधी घेणारे चिडतात आणि पुढच्या वर्षी लवकर कुणी घेत नाही. उचल बंद होते. म्हणून पाटीवरचा दर तसाच ठेवून मागच्या दारानं तिकिटं सोडली जातात. एकावर एक फुकट, अमुक बँकेच्या कार्डावर सवलत, कंपन्यांना घाऊक, प्रायोजकांना पास. हे पासही मग बाजारात येतात, आणि महोत्सवाच्या आदल्या दिवशी तिकिटापेक्षा पास स्वस्त असतो. आमच्या गावात नाटकाच्या पासांचं जे होत आलं तेच हे. पहिल्या तीन रांगा साहेबलोकांच्या, त्या अर्ध्या रिकाम्या, आणि तिसऱ्या घंटेनंतर मागचे सरकून पुढे येणार. तिथे निदान सगळ्यांसमोर होतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतला कोचेला हा महोत्सव काही तासांत संपायचा म्हणून प्रसिद्ध होता. 2024 मध्ये त्याच्या पहिल्या वीकेंडची तिकिटं संपायला जवळपास महिना लागला, आणि पुढच्या वर्षी साध्या प्रवेशाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांनी ती हप्त्यांवर घेतल्याच्या बातम्या आल्या. गाणं ऐकायला हप्ते! आपल्याकडे ट्रॅक्टरला असतात.

आता परभणीकडे येतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं बोललं जातं आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असंही. दोन्हींत गावाचं नाव यमकासाठी आहे. संगीताच्या बाबतीत मात्र आमच्याकडे तिकिटाची सवय फार कमी. फेब्रुवारीत तुराबुल हक शाहांच्या उरुसात कव्वाली ऐकायची, श्रावणात सप्ताहातलं कीर्तन, एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या गाण्यांचे रात्रभर चालणारे कार्यक्रम, गणपतीत ऑर्केस्ट्रा. याचे पैसे द्यावे लागत नाहीत असं नाही. ते वर्गणी म्हणून आधीच दिलेले असतात, आणि ज्यानं दिले नाहीत तोही ऐकतो. तिकीट लागायचं ते तमाशाच्या तंबूला आणि बाहेरून आलेल्या नाटकाला. नाटकाचं गणित तर सरळ होतं: स्थानिक कंत्राटदार नाट्यसंस्थेला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग विकत घ्यायचा आणि मग दुकानोदुकानी तिकिटांची पुस्तकं घेऊन फिरायचा. खपली तर त्याची, नाही खपली तर त्याचीच. अशा कंत्राटदारांनी घरातलं सोनं मोडल्याच्या गोष्टी मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याला सापडतील. पण तिकीट घेतलेल्या माणसाकडे आयत्या वेळी पाहुणे आले तर तो शेजाऱ्याला तिकीट देई आणि पैसे घेई किंवा न घेई. ते तिकीट त्याचं होतं. कंत्राटदाराला त्यात काही म्हणायचं नसे, खुर्ची भरल्याशी त्याला मतलब.

नव्या महोत्सवांकडे आता आमची मुलंही जातात. मोबाइलमुळे गाणी सगळीकडे सारखी पोचली आहेत. मानवतचा मुलगा आणि वांद्र्याचा मुलगा एकाच दिवशी एकच गाणं ऐकतो. पण महोत्सव अजून महालक्ष्मीला, नवी मुंबईत किंवा पुण्यातच होतो. परभणी ते मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, राज्यराणी, कुठलीही पकडा, रात्र किंवा दिवस जातोच.

मंद विक्रीचा फायदा कुणाला होतो, ते इथे कळतं. महोत्सवाच्या आदल्या दिवशी पास निम्म्या भावात मिळतो तो दादरच्या माणसाला. त्याला संध्याकाळी लोकल पकडून जायचं असतं. तो थांबू शकतो. थांबणं हीच त्याची सवलत. परभणीच्या माणसाला थांबता येत नाही, कारण त्याला गाडीचं आरक्षण करायचं, राहायची सोय बघायची, रजा टाकायची. त्याला आधीच घ्यावं लागतं, म्हणजे उचल द्यावी लागते. आणि आधी घेतलेल्याला अडचण येण्याची शक्यताही जास्त, कारण मधे चार महिने असतात. म्हणजे ज्याला परताव्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो नाही. आणि ज्याला काहीच धोका नाही, त्याला शेवटच्या दिवशीचा स्वस्त पास.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचं उदाहरण सांगतो. मुंबईतल्या एका महोत्सवाचं तिकीट त्यानं पाच महिने आधी घेतलं. महोत्सवाच्या आठवड्यात घरी आजारपण निघालं. पैसे परत मिळणार नाहीत असं उत्तर आलं. मग त्यानं तिकीट विकायला काढलं. घेतलेल्या भावाला गिऱ्हाईक मिळेना, कारण तोपर्यंत सवलतीचे पास फिरू लागले होते. शेवटी निम्म्या किमतीत ठाण्याच्या एका मुलानं घेतलं, तेही 'खोटं तर नाही ना' अशा दहा चौकशा करून. कायद्याच्या नजरेत काय असेल ते असो, अटींच्या नजरेत हा मानवतचा मुलगा गुन्हेगार आणि तो ठाण्याचा मुलगाही अपात्र प्रेक्षक. दोघांनीही एक पैसा नफा कमावलेला नाही. एकानं निम्मे गमावले, दुसरा प्रवेशदारापर्यंत धाकधुकीत गेला.

ही धाकधूक खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुनर्विक्रीत फसवणूक होते. एकाच तिकिटाची प्रत चार जणांना पाठवली जाते आणि पहिला आत जातो. 2024 च्या छाप्यांत बनावट तिकिटांचाही विषय होताच. म्हणून कुणी अनोळखी माणसाकडून पडद्यावरच्या छायाचित्राच्या भरवशावर तिकीट घेऊ नये, हा सल्ला बरोबरच आहे. पण ही फसवणूक शक्य होते ती कशामुळे? हस्तांतराला अधिकृत वाट नाही, म्हणून. घराची विक्री नोंदवायची सोय असते, गाडीची नाव बदलून घ्यायची सोय असते. तिकिटाचं नाव बदलायची सोय ठेवली तर खोट्या प्रतीचा धंदा एका दिवसात बसेल. तंत्राच्या दृष्टीनं यात अवघड काही नाही. विकताना प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र खूण दिलेलीच असते.

अवघड नाही याचा पुरावा इथेच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये झोमॅटोनं पेटीएमचा मनोरंजन-तिकिटांचा व्यवसाय 2,048 कोटी रुपयांना घेण्याचं जाहीर केलं, आणि पुढच्याच महिन्यात 'आता घ्या, केव्हाही विका' अशा अर्थाची सोय आणत असल्याचं सांगितलं. घेतलेलं तिकीट त्याच ठिकाणी विकायला ठेवायचं, विकलं गेलं की जुनं रद्द होऊन नव्या माणसाच्या नावे नवं निघतं. कल्पना चांगली. मात्र काळा बाजार टाळण्यासाठी घातलेली मर्यादा चालू दराच्या दुपटीची होती. ही दुप्पट कुठून आली, ते मला समजलेलं नाही. मंद विक्रीत चालू दराला गिऱ्हाईक नसतं, तिथे दुपटीची मर्यादा घातली काय आणि नाही काय. आणि विक्री जोरात असेल तेव्हा दुप्पट म्हणजे 'दस का बीस'च, फक्त पावतीसह.

बाहेरचे दोन दाखले याहून बोलके आहेत. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात तिकीट घ्यायचं तर छायाचित्रासह नोंदणी लागते आणि तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. हस्तांतर पूर्ण बंद. पण ठरावीक मुदतीपर्यंत ते परत करता येतं, थोडी रक्कम कापून पैसे मिळतात, आणि परत आलेली तिकिटं आयोजकच वसंतात पुन्हा विकतो. आयर्लंडनं 2021 मध्ये कायदाच केला: मूळ किमतीपेक्षा जास्त दरानं पुनर्विक्री करता येणार नाही. कमी दरानं किंवा तेवढ्याच दरानं खुशाल करा. एकानं विकायचं दार बंद केलं पण परताव्याचं उघडलं. दुसऱ्यानं विकायचं दार उघडं ठेवून फक्त नफ्याला कुलूप लावलं. दोन्ही बंद करायचा पर्याय दोघांनीही घेतला नाही. तो आपल्याकडे सर्रास आहे.

खरं तर इतक्या लांब जायचंही कारण नाही. हीच गोष्ट परभणी जंक्शनच्या आरक्षण खिडकीवर रोज घडते. रेल्वेच्या तिकिटाची दलाली करणं 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम ऑनलाइन तिकिटांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. इतका कडक कायदा कुणाला जाचक वाटत नाही, कारण रेल्वे तिकीट परत घेते. नोव्हेंबर 2015 मध्ये ठरलेल्या पायऱ्या बहुतेक प्रवाशांना पाठ झाल्या होत्या: 48 तास आधी रद्द केलं तर वर्गाप्रमाणे ठरलेली छोटी रक्कम कापायची, त्यानंतर पाव भाडं, बारा तासांच्या आत निम्मं. शिवाय घरातल्या माणसाच्या नावे तिकीट बदलून घ्यायचं असेल तर 24 तास आधी अर्ज द्यायची सोय. आणि रिकामी झालेली जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला आपोआप मिळते. दलालाला जागाच उरत नाही असं नाही, तत्काळच्या वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नियमाच्या मागे न्याय आहे. तुला विकू देणार नाही, कारण मी परत घेईन. महोत्सवाचा आयोजक यातलं पहिलं वाक्य घेतो आणि दुसरं गाळतो.

त्याच जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. असे नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम, न्यायालयाचं नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. तो मला पटतो. मात्र याचिकेचं मागणं टंचाईच्या वेळच्या लुबाडणुकीपुरतं होतं. उद्या सरकारनं मनावर घेऊन पुनर्विक्रीवर सरसकट बंदी आणली तर काय होईल? कोल्डप्लेसारखे कार्यक्रम वर्षातून दोन-चार. तिथला दलाल परदेशी संकेतस्थळावर बसलेला, तो सापडेल तेव्हा सापडेल. सापडणार तो मानवतचा मुलगा, कारण त्याचं नाव, नंबर, पत्ता सगळं तिकिटावर आहे. म्हणून मी म्हणतो की बंदीच्या आधी परतावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही संकल्पना आलेली आहे. एकाच बाजूच्या हिताच्या अटी ग्राहकावर लादल्या तर राज्य आयोगाकडे दाद मागता येते. पैसे परत नाहीत आणि विकायलाही मनाई, ही जोडी त्या व्याख्येत बसते की नाही, हे कुणीतरी एकदा आयोगासमोर नेऊन पाहायला हवं. चार-सहा हजारांच्या तिकिटासाठी परभणीहून कोण जाणार, हा त्यातला खरा अडथळा.

याला आयोजकांचं उत्तर असतं, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. ते म्हणतात, परतावा दिला तर लोक आधी घेऊन ठेवतील आणि शेवटी सगळे परत करतील. आम्ही कलाकाराला दिलेले पैसे कोण परत देणार? मुद्दा खरा आहे. खुल्या मैदानातला महोत्सव ही फार नाजूक गोष्ट आहे. परवानग्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लटकलेल्या असतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवसच बारापर्यंत सूट. मार्च 2025 मध्ये पुण्यातला एनएच-7 वीकेंडर परवानगीअभावी ऐनवेळी रद्द झाला, आणि तो महोत्सव 2010 पासून पाय रोवून उभा होता. अशा धंद्यात उचल लागते हे मान्य. पण कार्यक्रम रद्द झाला तर आयोजक तिकिटाचे पैसे परत करतो आणि त्याची जबाबदारी संपते. लांबून येणाऱ्याचं रेल्वेचं, लॉजचं, रजेचं नुकसान त्याचं तोच सोसतो. म्हणजे जोखीम दोन्हीकडून त्याच्याकडेच येते. सगळी तिकिटं सगळ्या वेळी परत घ्या असं कुणी म्हणत नाही. रेल्वेसारख्या पायऱ्या ठेवा. दोन महिने आधी कळवलं तर दहा टक्के कापा, पंधरा दिवस आधी तर तीस. परत आलेलं तिकीट तुम्ही चढ्या दरानं विकणारच आहात.

या सगळ्या चर्चेत पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो आपल्याकडचा एक जुना तिकिटांचा प्रयोग आहे. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये तो सुरू केला. रमणबागेच्या मैदानावर वर्षानुवर्षं भरला, नंतर मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. तिथे खुर्ची, सोफा आणि भारतीय बैठक असे वर्ग, आणि सगळ्या दिवसांचं एक सीझन तिकीट. मराठवाड्यातून जाणारे रसिक बैठकीचं घेत. त्या तिकिटाचं मला वाटणारं महत्त्व असं की ते एका माणसाचं नसे, एका घराचं असे. पहिल्या दिवशी काका, दुसऱ्या दिवशी पुतणी, आणि एखाद्या दिवशी गावाहून आलेला पाहुणा. हे हस्तांतरच आहे, पण त्याला कुणी पुनर्विक्री म्हटलं नाही. एखाद्या दिवशीचे गायक आपल्या आवडीचे नसले तर तिकीट दुसऱ्या कानांपर्यंत जाई. त्यातून नवे श्रोते तयार झाले. मोठ्या महोत्सवांच्या आयोजकांना तरुण श्रोता हवा असतो, पण तरुण श्रोता बहुतेकदा दुसऱ्याच्या तिकिटावर पहिल्यांदा आत येतो, हे त्यांच्या हिशेबात नाही.

सवाईचंही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्गांचे दर आणि तिथल्या गप्पांचा आवाज, दोन्ही वाढले आहेत. तरी बैठक अजून आहे, आणि बैठकीवर सरकून जागा करून देण्याची रीतही.

कराचा एक किरकोळ मुद्दा राहतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर संगीत कार्यक्रमांना जीएसटी नाही, त्यावर गेलं की 18 टक्के. शिवाय तिकीट विकणाऱ्या कंपनीची सेवाफी, तिच्यावर पुन्हा कर. तरुणानं तिकीट विकलं तेव्हा ही फी आणि कर धरून जी रक्कम त्यानं भरली होती, ती त्याला 'मूळ किंमत' म्हणून धरता आली नाही. ठाण्याचा मुलगा तिकिटावर छापलेला आकडाच मूळ मानत होता. आयर्लंडसारखा कायदा इथे कधी झाला, तर मूळ किंमत म्हणजे नेमकी कुठली, हे आधी ठरवावं लागेल. खिशातून गेलेली, की कागदावर छापलेली?

1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली. एकशेवीस दिवस आधी घेऊन ठेवलेली बरीच तिकिटं पुढे रद्द होतात, असं कारण तेव्हा दिलं गेलं. महोत्सवांची विक्री मात्र अजून चार, पाच, कधी सहा महिने आधी उघडते. त्यामुळे परभणीच्या श्रोत्याला आता आधी महोत्सवाचं तिकीट घ्यावं लागतं, आणि मग दोन-तीन महिने थांबून, त्या तारखेची देवगिरी मिळते की प्रतीक्षायादीच हाती येते, ते पाहावं लागतं. गाडी मिळाली नाही तर रेल्वे पैसे परत करते.